संध्याकाळी साडेसातची साईट: एकट्यानं फ्लॅट दाखवताना तुम्ही काय करता? (नाशिक)

चावीवाली | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इंदिरानगरात राहते. या लाईनला पाच वर्षं झाली. आधी एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसात होते, आता स्वतंत्र. रिसेल आणि भाड्याचं काम जास्त. इथे बरेच एजंट लोक वाचतात म्हणून लिहितेय. घरी अजून सगळं सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्यापासून चाव्यांचा जुडगा कपाटात जाईल.

परवाच्या शनिवारी वडाळा-पाथर्डी रोडच्या बाजूला एका टू बीएचकेची व्हिजिट होती. पोर्टलवरून आलेली लीड. फोनवर माणूस अगदी व्यवस्थित. मुंबईला नोकरी, आईवडिलांसाठी नाशिकला घर हवंय, बजेट पासष्ट लाख, लोन मंजूर आहे म्हणाला. चारची वेळ ठरली. साडेतीनला फोन, "इगतपुरीला चहा घेतोय, तासाभरात पोचतो." पाचला परत फोन, "अहो, कसारा घाटात कंटेनर बंद पडलाय, अडकलोय." मुंबईच्या पार्टीचं हे नेहमीचंच, म्हणून मी थांबले. शेवटी आला साडेसाताला पाच कमी असताना. मोटारसायकलवर. एमएच १५, म्हणजे नाशिकचीच गाडी.

गाडीचा नंबर मी बघितला होता. डोक्यात गेला नाही.

बिल्डिंग नवी, अठ्ठावीस फ्लॅट, राहायला आलेली सहा-सात कुटुंबं. वॉचमन जेवायला गेला होता. चौथ्या मजल्याच्या पॅसेजला दिवा नाही. मी कुलूप काढलं, आत जाऊन बटणं दाबली, तर मालकांनी मेन स्विच बंद करून ठेवलेला. मोबाईलच्या टॉर्चवर हॉल दाखवला. मागे दार लागल्याचा आवाज आला. म्हणाला, "डास येतात." मग किचन राहिलं, बाल्कनी राहिली, प्रश्न सुरू झाले. एकट्याच करता का हे काम? मिस्टर काय करतात? रात्री घरी कोण असतं? मी "चला, दुसरी बेडरूम बघून घ्या" म्हटलं, तर दाराला पाठ लावून उभा. "घाई काय आहे, बसा जरा." बसणार कशावर, घर रिकामं!

मी फोन कानाला लावला आणि मोठ्यानं म्हटलं, "हो दादा, चौथा मजला, लिफ्टमधून उजवीकडे, या वर." पलीकडे कोणी नव्हतं. फोन लागलेलाच नव्हता. तो बाजूला झाला, हसला, "घाबरलात काय मॅडम?" म्हणाला. मी जिन्यानं खाली आले. कुलूप त्या रात्री दुसऱ्या एजंटनं जाऊन लावलं.

खरी लाज पुढेच आहे. रविवारी त्याचा मेसेज आला, "फ्लॅट आवडला, परत बघायचाय, संध्याकाळीच जमेल." आणि मी एक मिनिटभर हिशोब केला. पासष्ट लाखांचे दोन टक्के, एक लाख तीस हजार. पूर्ण एक मिनिट.

तर तुम्ही लोक काय करता? "काळजी घे" नको. काय करता ते सांगा.

सातपूरची_सून | सोमवार, रात्री १०.५८

आधी तू ठीक आहेस ना? आणि त्याचा नंबर ब्लॉक करशील, पण चॅट उडवू नकोस. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेव. पोर्टलवर लीडची तारीख-वेळ असते, तीही घे.

तो हिशोब मीही केलाय एकदा. अठरा हजारांच्या भाड्याच्या घरासाठी. तुझा निदान लाखाचा तरी होता.

पेठरोडचा_भो | सोमवार, रात्री ११.२०

ताई, एक विचारू? साडेतीनला इगतपुरीला चहा घेणारा माणूस पाचला कसारा घाटात कसा अडकला? मुंबईहून येताना आधी कसारा, मग घाट, वर चढलं की इगतपुरी. का चहा पिऊन परत खाली उतरला?

चावीवाली | सोमवार, रात्री ११.२४

अरे देवा.

जन्म नाशिकचा माझा. शेकडो वेळा गेलेय त्या रस्त्यानं.

जुना_दलाल | मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, मी १९९८ पासून या धंद्यात. तेव्हा आम्हाला कोणी 'रिअल इस्टेट कन्सल्टंट' म्हणत नसे. दलालच म्हणायचे, अजूनही म्हणतात, मला राग नाही. तेव्हा पार्टी ओळखीतून यायची. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी एचएएलमधला साहेब. चावी खालच्या किराणा दुकानात असायची, दुकानदार चावी देताना पार्टीकडे खालून वरून बघून घ्यायचा. तीच आमची सिक्युरिटी. आता लीड कुठून येते, कोण पाठवतो, काही पत्ता नाही. ओळख आपल्यालाच तयार करावी लागते.

मी माझ्या ऑफिसातल्या पोरा-पोरींना जे सांगतो ते लिहितो. क्रम लावत नाही, आठवेल तसं.

पहिली भेट साईटवर नाही. ऑफिस असेल तर ऑफिसात, नसेल तर ठरलेल्या चहाच्या टपरीवर. चहावाला आपल्याला नावानं ओळखणारा पाहिजे. पार्टीला सांगायचं, "गल्लीतून जायचंय, मॅप चुकीचा दाखवतो, इथे या, मी पुढे निघते." दहा मिनिटांच्या चहात निम्मा माणूस कळतो. घर घेणारा माणूस मेंटेनन्स किती, पाणी किती वाजता येतं, पार्किंग ॲलॉटेड आहे का, हे विचारतो. तुमच्या त्या पाहुण्यानं यातलं काही विचारलं होतं का, आठवून बघा.

गाडी आपली आपण. पार्टीच्या गाडीत बसायचं नाही, मर्सिडीज असली तरी. आणि आपली गाडी गेटकडे तोंड करून लावायची, म्हणजे निघताना रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

घरात पार्टी पुढे, आपण मागे. नवीन पोरं उत्साहात पुढे पळतात, "हे बघा सर मास्टर बेडरूम, हे टॉयलेट." टॉयलेट दाखवायला आपण कशाला आत पाहिजे? त्याला डोळे आहेत. आपण आणि मेनदार यांच्यामध्ये माणूस येऊ द्यायचा नाही, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. मेनदाराला वीट लावायची. नव्या बिल्डिंगला विटेचा तुकडा सापडतोच, नाही सापडला तर पार्टीचीच चप्पल अडकवा. मी चेष्टा करत नाही, माझ्याकडे एक पोरगी गाडीच्या डिकीत लाकडी पाचर ठेवते. नाईट लॅचचं दार असेल तर हे जास्तच, कारण ते आपोआप लागतं आणि घाईत नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा ते सुचत नाही.

गच्ची आणि बेसमेंट एकट्यानं दाखवायचं नाही. रो हाऊसला वरचा मजलासुद्धा नाही. "वर जाऊन या, मी खाली फाईल काढते" म्हणायचं.

आता वेळेचं. डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास अंधार पडतो. पार्टीला 'मला भीती वाटते' असं सांगायची गरज नाही. 'घर उजेडात बघा' म्हणा. खोटं थोडंच आहे? भिंतीची ओल, प्लास्टरच्या चिरा, पश्चिमेचं ऊन, यातलं संध्याकाळी ट्यूबलाईटखाली काय दिसणार? मी स्वतः कुणालाही पहिली व्हिजिट अंधारात देत नाही, आणि माझं कारण धंद्याचंच आहे: रात्री बघून होकार देणारे दिवसा बघून टोकन परत मागायला येतात.

गोवर्धन, गंगापूर धरणाच्या बाजूला प्लॉट दाखवायचा असेल तर अंधारात माणसाच्या आधी बिबट्याचा विचार करा. हे मात्र पार्टीला थेट सांगता येतं, लगेच पटतं.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ९.०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. लेडीजनी ऑफिस सांभाळावं, फोन करावेत, ॲग्रीमेंट करावीत. साईट हे पुरुषांचं काम आहे. एवढे नियम पाळत बसण्यापेक्षा सोपं.

सातपूरची_सून | मंगळवार, सकाळी ९.३०

आणि साईटवर गेल्याशिवाय ब्रोकरेजमध्ये वाटा कोण देतो, तेही स्पष्ट बोला.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ११.४५

@रोखठोक, मी पुरुष आहे. वजन ब्याण्णव किलो. ऐका.

तीन वर्षांपूर्वी आडगावच्या पुढे एक एन.ए. (बिगरशेती) प्लॉट दाखवायला गेलो. दोघं जण होते, चांगल्या कपड्यातले. सिंहस्थाच्या आधी गुंतवणूक करायचीय म्हणाले. सातबारा मागितला, झोन विचारला, अभ्यास करून आले होते. मी त्यांच्याच कारमध्ये बसलो, कारण आत कच्चा रस्ता आणि माझी स्कूटर. परत येताना गाडी भलत्या वाटेला लागली. अंगठी, फोन, पाकीट. मला द्राक्षबागेच्या कडेला उतरवलं आणि वर "सावकाश जा" म्हणाले.

मी तक्रार दोन दिवसांनी केली. का? तर ब्याण्णव किलोचा माणूस लुटला गेला हे बायकोला कसं सांगायचं. जुन्या दलालांनी वर लिहिलंय ना, पार्टीच्या गाडीत बसायचं नाही. ती ओळ मला चार तोळ्यांना पडली.

जुना_दलाल | मंगळवार, दुपारी १२.१०

चार तोळ्याची अंगठी घालून प्लॉट दाखवायला कोण जातं हो?

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १२.१४

चेनही होती. लिहायची लाज वाटली.

काळा_कोट | मंगळवार, दुपारी ३.३०

वकिली करतो, म्हणून थोडं कायद्याचं.

चावीवालीताई, "काही झालं तर नाही ना" असं म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. एखाद्याला जायचंय त्या दिशेनं जाऊ न देणं हा कलम १२६ खाली गुन्हा आहे. ठरावीक हद्दीबाहेर पडूच न देणं हे कलम १२७, तिथे शिक्षा एक वर्षापर्यंत. दार लावून त्याला पाठ टेकून उभं राहणं यातल्या कशात बसतं ते पोलिस आणि कोर्ट ठरवतील, पण 'काहीच नाही' यात ते बसत नाही. लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी कलम ७५ मध्ये येते. नको असं स्पष्ट सांगूनही पुन्हा पुन्हा मेसेज किंवा पाठलाग केला तर कलम ७८. म्हणून त्याला एकदा लेखी सांगा: "मला संपर्क करू नका." एकच ओळ. मग ब्लॉक. ती ओळ नसेल तर तो उद्या म्हणेल, मी तर फक्त फ्लॅट विचारत होतो.

हद्दीचा प्रश्न आला तर गप्प बसू नका. गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलिस ठाण्यात नोंदवता येतो. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच, आता कायद्यातच आहे. प्रसंग घडत असताना मात्र ११२.

ज्या मुली एखाद्या फर्मसाठी साईट दाखवतात त्यांच्यासाठी आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकानं दिलेलं वाहन, दोन्ही कामाचं ठिकाणच. दहा किंवा जास्त माणसं असतील तर फर्मची अंतर्गत समिती हवी. दोन टेबलं आणि एक कूलर असलेल्या ऑफिसातल्या बाईला जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. आणि त्रास देणारा सहकारीच असला पाहिजे असं नाही, ग्राहकही चालतो.

मुंबईहून_शनिवारी | मंगळवार, रात्री ९.०५

मी दुसऱ्या बाजूचा. डोंबिवलीला राहतो, वर्षभर नाशिकला घर बघतोय, आणि हो, कसाऱ्याला खरंच अडकतो.

मागच्या महिन्यात एका एजंटबाईंनी व्हिजिटच्या आधी आधारचा फोटो मागितला. मी चिडलो. घर बघायला आधार? पाठवला नाही. त्या म्हणाल्या, मग सर ऑफिसला येऊन नुसतं दाखवा. तेही मला अपमानासारखं वाटलं आणि मी ती व्हिजिट सोडली. आज हा धागा वाचला आणि त्या बाईंचं म्हणणं कळलं.

पण मलाही एक सांगू द्या. आम्हालाही समोरचा एजंट खरा की खोटा हे कळत नाही. तुम्ही पहिल्याच मेसेजमध्ये स्वतःचा महारेरा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाकडचा, नोंदणी क्रमांक पाठवा, "वेबसाईटवर तपासून घ्या" म्हणा, आणि मग माझं मागा. तुमचं आधी, माझं नंतर. मग मला चोर ठरवल्यासारखं वाटणार नाही. आणि पूर्ण आधार नको, मास्क केलेलं मागा. शेवटचे चारच आकडे दिसतात, नाव आणि फोटो मिळतोच की.

सातपूरची_सून | मंगळवार, रात्री ९.२०

हे चोरलं. उद्यापासून माझा पहिला मेसेज असाच.

महारेराच्या परीक्षेवरून आठवलं. २०२३ पासून एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची झाली, मीही दिली. माझ्या पेपरात कार्पेट एरिया होता, प्रमोटरची कर्तव्यं होती. मेनदाराला वीट लावा हे नव्हतं.

जुनी_पुस्तकं | बुधवार, सकाळी १०.३०

मी एजंट नाही, वाचक आहे. लंडनमध्ये १९८६ च्या जुलैमध्ये सूझी लॅम्प्लू नावाची पंचवीस वर्षांची इस्टेट एजंट फुलहॅम भागात घर दाखवायला गेली आणि परत आलीच नाही. आजतागायत सापडलेली नाही. ऑफिसच्या डायरीत तिनं भेटीची नोंद केली होती: वेळ, घराचा पत्ता आणि पार्टीचं नाव, 'मिस्टर किपर'. नोंद चोख होती. पण किपर कोण, हे पोलिसांना कधीच ठरवता आलं नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावानं ट्रस्ट काढला. कामानिमित्त एकट्यानं फिरणाऱ्यांच्या सुरक्षेवर तो आजही काम करतो. अमेरिकेत तर एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं सप्टेंबर महिना याच विषयाला दिलाय.

डायरीत नाव लिहिणं आणि ते नाव कुणाचं हे आधी तपासणं, यात फरक आहे म्हणून सांगितलं. मुंबईहून_शनिवारी यांचं मास्क केलेलं आधार त्या फरकासाठीच.

देवळालीकर | बुधवार, दुपारी १.००

थोडं अवांतर. आमच्याकडे तोफखान्यामुळे मिलिटरीचे भाडेकरू खरोखर असतात, त्याचा फायदा घेऊन फोन येतात. "मी आर्मीत आहे, देवळालीला पोस्टिंग झालंय, घर न बघताच घेतो, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." आयकार्डचा फोटोही येतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच. कोणी अडकलं असेल तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

ठाण्याची_मालकीण | बुधवार, दुपारी ४.४०

पाथर्डी फाट्याला माझा एक बंद फ्लॅट आहे, चावी एजंटकडे. हा धागा वाचून मला माझीच चूक दिसली. बिल वाचवायला मीही मेन स्विच बंद करून ठेवते. काल फोन करून मीटर चालू ठेवायला सांगितलं. हॉलला आणि दाराबाहेर एलईडी लावून घेतले, तीनशे रुपयांत काम झालं. वॉचमनचा नंबर एजंटला दिला आणि वॉचमनला सांगितलं, कोणी घर बघायला आलं की दहा मिनिटांनी पाणी विचारायला वर जायचं. त्याला महिन्याचे दोनशे जास्त. मालक लोकहो, चावी देऊन मोकळे होऊ नका.

रोखठोक | बुधवार, सायंकाळी ६.१५

वॉचमनची आयडिया चांगली आहे. बाकी माझं मत कायम.

पेठरोडचा_भो | बुधवार, सायंकाळी ६.१८

मत राहू द्या भो, पण चार तोळे घालून साईटवर जाऊ नका.

चावीवाली | दुसरा शनिवार, रात्री ९.५०

सगळ्यांना एकत्र उत्तर देतेय, उशिराबद्दल सॉरी.

चुलतबहिणीला घेऊन पोलिस ठाण्यात गेले, अर्ज दिला. पुढे काय होतंय बघू. काळा_कोट यांनी सांगितलेली एक ओळ पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. मग ब्लॉक. घरी पण सांगितलं. चावी काढून घेतली नाही. नवऱ्यानं डिकीत पाचर ठेवली, तीही सागवानी, जसं काही देवघर करायचंय.

आम्ही पाच जणींनी एक ग्रुप केलाय. व्हिजिटच्या आधी पत्ता, पार्टीचा फोटो, गाडीचा नंबर. लाईव्ह लोकेशन एक तासाचं. निघाल्यावर "निघाले" असा मेसेज. तो ठरल्या वेळेत आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर जी जवळ असेल ती गाडी काढते. फोनवर बोलायला एक वाक्यही ठरवलंय: "मीटरचं रीडिंग राहिलंय." म्हणजे ताबडतोब ये. पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. एकीचं खरोखरच रीडिंग राहिलं होतं आणि तिनं ते बोलून दाखवलं. दोघी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर. पार्टीत सासू, सासरे, सून आणि कडेवर बाळ. आता वाक्य बदललंय, ते इथे लिहीत नाही.

फोनचं इमर्जन्सी बटणही सेट केलं. काही फोनला पॉवरचं बटण तीनदा दाबायचं असतं, काहींना पाचदा. आपापल्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. माझा पाच वर्षं खिशात होता, मला माहीतच नव्हतं.

सगळ्यात अवघड गेलं ते 'नाही' म्हणणं. परवा एक लीड आली. चारची वेळ, साडेपाचला फोन, "कसाऱ्याला अडकलोय, साडेसातला पोचतो, तेवढं थांबा ना." पोटात गोळा आला. मी म्हटलं, "सर, आमच्या ऑफिसचा नियम आहे, पहिली व्हिजिट उजेडातच. उद्या सकाळी नऊला या, घराची ओल-बिल सगळी दिसेल." आमचं ऑफिस म्हणजे मीच. तो दोन सेकंद गप्प. मला वाटलं, गेली पार्टी. मग म्हणाला, "चालेल, तसंही आईला रात्री जिना चढवत नाही."

आज सकाळी नऊला दहा कमी असतानाच आले. आईंनी आल्या आल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून विचारलं, "उन्हाळ्यात इथे ऊन किती वाजेपर्यंत असतं?" पाणी विचारलं, लिफ्टचं बॅकअप विचारलं, शेजारी कोण ते विचारलं. अर्धा तास. मी दारातच उभी, पायाशी पाचर.

पेठरोडचा_भो | दुसरा शनिवार, रात्री १०.०२

आणि गाडीचा नंबर?

चावीवाली | दुसरा शनिवार, रात्री १०.०३

एमएच ०५, कल्याणचा. आधी तोच बघितला.